धुराडं आणि तुळई

बैठक साडेअकराची, सुरू झाली पाऊण वाजता.
विषय क्रमांक चार: नवीन प्रयोगशाळा इमारत,
काम कोणत्या पद्धतीनं द्यायचं.
मी रसायनशास्त्राची, म्हणून बोलावलेली.
समोर बशीत दोन बिस्किटं
आणि टक्केवारी निविदेचा कोरा नमुना.

शिकलगार साहेबांनी फळ्यावर दोन चौकोन काढले,
एक वास्तुविशारदाचा, एक ठेकेदाराचा. मधे रेघ.
"आधी नकाशे पुरे, मग निविदा,
मग जो सगळ्यात खाली त्याचं काम.
ऑडिटला हे कळतं."
मग डस्टरनं रेघ पुसली, एकच मोठा चौकोन केला.
"नाहीतर हे. आखणारा-बांधणारा एकच.
लवकर उरकतं, भांडण कमी.
पण चौकोनाच्या आत काय चाललंय
ते आपण बाहेरून बघायचं."

रेघ नीट पुसली गेली नव्हती.

आमच्या जुन्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
आम्लाच्या वाफा वर ओढून न्यायला एक धुराडं आहे.
नकाशात ते गच्चीपर्यंत जातं.
इमारतीत ते तुळईला जाऊन टेकतं.
वास्तुविशारद म्हणाले, तुळई आमच्या कागदावर नव्हती.
ठेकेदार म्हणाला, धुराडं आमच्या निविदेत नव्हतं.
दोघंही खरं बोलत होते.
सव्वीस वर्षं आम्ही खिडक्या उघडतोय.
नायट्रिक ओतताना मुली ओढणी नाकाला लावतात.
धुराड्याच्या तोंडात सिद्राम शिपाई झाडू ठेवतो.

वडील उद्यमनगरात पॅटर्न करायचे, सागवानी.
त्यांची मोजपट्टी खोटी होती,
फुटामागं एक सूत जास्त.
लोखंड थंड होताना अंग चोरतं,
ते आधीच धरून चालायचं, म्हणायचे.
भिंतीपलीकडं हुसेनचाचांची वाळू, त्यांचे साचे.
दोन शेड, दोन बिलं.
पण ओतायच्या दिवशी वडील जेवणाचा डबा घेऊन
चाचांच्या शेडमध्ये उभे.
जॉबला भोक पडलं
तर चूक लाकडाची का वाळूची
हे दोघं तिथंच, घामात, ठरवायचे.
कधीकधी ठरायचं नाही.
मग नुकसान निम्मंनिम्मं
आणि दोन दिवस अबोला.

हे बैठकीत कसं बोलायचं?
मी एवढंच विचारलं,
"साहेब, धुराडं परत तुळईला धडकलं
तर आम्ही कुणाच्या दारात जायचं?"

प्राचार्य मगदूम मॅडमनी बशी पुढं सरकवली.
पारिसवाड म्हणून तरुण वास्तुविशारद होता, तो हसला,
"दार एक असलं म्हणजे ते उघडतंच असं नाही, मॅडम."
"मग ओतायच्या दिवशी कोण उभं राहणार?"
"ओतायच्या म्हणजे?"
"स्लॅबच्या," मी म्हणाले.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, किंवा लिहिल्यासारखं केलं.

ठरलं ते जुनंच. नमुना ओळखीचा,
सही कुठं करायची ते सगळ्यांना पाठ.
शिकलगार साहेबांनी मात्र माझ्याकडं एकदा बघून
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
प्रत्येक स्लॅबला नकाशा काढणारा हजर पाहिजे.

गुरुवारी इतिवृत्त आलं.
'विषय क्र. ४. साधकबाधक चर्चा झाली.
प्रचलित पद्धत सर्वानुमते मंजूर.'
समास कुणी टाईप केला नव्हता.

दुपारच्या प्रॅक्टिकलला मी टेबलाशी बसून
दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं, शाईनं.
खिडकी उघडी.
बावड्याच्या कारखान्याच्या मळीचा वास आत येत होता,
आमचं नायट्रिक बाहेर जात होतं,
आणि त्यांच्या मधे, एकमेकांना टेकून,
धुराडं आणि तुळई.